चाड नावाचा देश

शैला,

दरवर्षी तुझ्या हळदीकुंकवाच्या दुपारी मला घराबाहेर काढलं जायचं. "चहा घ्या आणि निघा. नदीवर फिरून या, नाहीतर ऑफिसात जाऊन बसा. दिवेलागणीपर्यंत इकडे फिरकू नका," असं तू सांगायचीस आणि मी मुकाट्याने स्कूटर काढायचो. त्या दुपारी आपल्या बैठकीत नेमकं काय चालतं, ते एवढ्या वर्षांत मी फक्त ऐकत आलो.

या वर्षी मी घरात होतो. हळदीकुंकू नव्हतंच. तू मार्गशीर्षात गेलीस, आता वर्षभर आपल्याकडे सण नाही. तरी रथसप्तमीला बायका आल्या. त्या का आल्या आणि मी त्यांच्यासमोर काय बोलून बसलो, ते तुला सांगायचं आहे. क्रमाने सांगतो. पाटबंधारे खात्यात धरणाची पातळी मोजण्यात माझी नोकरी चालली आहे, मधली नोंद गाळून पुढे जाणं मला जमत नाही. तू त्यावरून चिडवायचीस. आता चिडवायला कुणी नाही, म्हणून जास्तच सावकाश सांगतो आहे.

सगळं सुरू झालं ते "संबंध" या शब्दापासून.

आपली मुक्ता नुकती चालायला लागली होती, तेव्हा तू बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए.ला नाव घातलंस. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. "कशात करणार गं एम.ए.?" तिने विचारलं. तू म्हणालीस, "राज्यशास्त्रात, आई. खास विषय आंतरराष्ट्रीय संबंध." आईची बोटं थांबली. "म्हणजे परदेशातली स्थळं बघायला शिकवतात?"

हसलो मी. तू हसली नाहीस. तू पाट ओढून आईजवळ बसलीस आणि देशादेशांत भांडणं का होतात, ती मिटवायला कोण बसतं, तह म्हणजे काय, हे लसूण सोलता सोलता तिला सांगितलंस. आईने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीत सांगितलं, "आमची सून परदेशातले संबंध जुळवायचं शिकतेय."

मग आपल्याकडे पत्रिका यायला लागल्या. शेजारच्या खैरनार वहिनी तर भाच्याचा फोटोच घेऊन आल्या. "शैलाताई, मुलगा सातपूरला कंपनीत आहे, पण अमेरिकेला जायची तयारी आहे. तुमच्या बघण्यात असेल तर बघा. फार शिकलेली नको."

तू फोटो नीट पाहिलास, परत दिलास आणि म्हणालीस, "वहिनी, माझ्याकडे मुली नाहीत हो. देश आहेत. चालतील का?"

त्या वेळी तो नुसता विनोद होता. संक्रांत आली तेव्हा तू तो खरा केलास. बाकीच्या बायका वाण म्हणून वाट्या, गाळण्या, कंगवे लुटत होत्या. तू प्रत्येकीला एकेक देश दिलास. हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि सांगायचं, "आजपासून ब्राझील तुमचा. वर्षभर त्याची बातमी कुठे दिसली तर वाचायची, ऐकली तर लक्षात ठेवायची. पुढच्या संक्रांतीला मला सांगायची." बायकांना वाटलं, ही थट्टा करते आहे. वाटी न मिळाल्याने दोघीजणी नाराज झाल्या, हे तू मला त्याच दिवशी सांगितलं होतंस. पुढच्या वर्षापासून तू वाटीही द्यायला लागलीस.

खैरनार वहिनींना तू युगोस्लाव्हिया दिला होतास. महिनाही गेला नसेल, त्या पेपर घेऊन धावत आल्या. "शैलाताई, हे काय वाण दिलंत? घरी नेलं आणि फुटलं की!"

ते वर्षच तसं होतं. तुझ्या पुस्तकात सोव्हिएत संघ होता आणि पेपरात तो संपला होता. दोन महासत्ता, त्यांचा समतोल, त्यावर पानंच्या पानं तू पाठ केली होतीस. तू मार्गदर्शन करणाऱ्या सरांना विचारलंस, "परीक्षेत काय लिहू? आहे म्हणू की होता म्हणू?" सर म्हणाले, "बाई, पुस्तक जुनं, पेपर काढणारे जुने आणि तपासणारे त्याहून जुने. 'आहे' लिहा आणि पास व्हा." तू 'होता' लिहिलंस. मार्क कमी पडले. घरी आल्यावर मी म्हणालो, सर सांगत होते ते ऐकलं असतंस तर पहिला वर्ग मिळाला असता. तू भांडी विसळत होतीस. मागे वळून म्हणालीस, "आणि तुम्ही धरण रिकामं असताना भरलेलं लिहिता का?"

मी विसळलेली भांडी पुसायला घेतली.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा मात्र तू बदलला नाहीस. नवे देश निघाले की निळ्या बॉलपेनने सीमा ओढायचीस. आनंदाने म्हणायचीस, "चला, देश वाढले. या वर्षी मागच्या गल्लीतल्या बायकांनाही बोलावता येईल." फोडणीच्या तेलाने उत्तर अमेरिका पिवळी पडली आहे. परवा मुक्ता तो पुसायला गेली. मी नको म्हणालो.

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही, ती इथे लिहितो. बाबा गेल्यानंतर आई हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिला कुणी जा म्हणत नसे, ये पण म्हणत नसे. तुझ्या त्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी तू आत गेलीस आणि तिला हात धरून बैठकीत आणलंस. आई पुटपुटली, "अगं, मला कुंकू चालत नाही." तू म्हणालीस, "कुंकू नका लावू. देशाला कुंकू लागत नाही. हा घ्या सेनेगल." हे मला तू सांगितलं नाहीस, आईने सांगितलं. बाबांनंतर तिला मिळालेलं ते पहिलं वाण.

आणि आईने तो देश काय सांभाळला! फुटबॉलच्या विश्वचषकात सेनेगलने फ्रान्सला हरवलं त्या संध्याकाळी तिने टीव्हीसमोरून उठायला नकार दिला. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. "आपले पांढरे का निळे?" एवढंच ती विचारत होती. सामना संपल्यावर तिने देवाजवळ साखर ठेवली. रात्री मी घरी आलो तर तू आणि ती, दोघी मिळून शिरा खात होतात.

एवढं सगळं मी पाहत होतो, तरी तुझ्या विषयावरून चाललेला आपला वाद मिटला नाही. माझं म्हणणं साधं होतं. शिक्षणाचं काहीतरी माप हवं. तू एम.ए. झालीस, नंतर चांदवडला तासिका तत्त्वावर शिकवायला जात राहिलीस, एस.टी.ने, उन्हातान्हात. कायमची जागा निघाली नाही. मी म्हणायचो, या विषयाचा उपयोग काय? तू म्हणायचीस, "माझ्या वर्गातली पोरं कांदा पिकवणाऱ्यांची आहेत. त्यांना भाव बाजार समितीत ठरतो असं वाटत होतं. आता ती विचारतात, बाई, आपला कांदा जातो त्या श्रीलंकेत काय चाललंय?" मी म्हणायचो, विचारून भाव वाढतो का? तू म्हणायचीस, "तुम्ही पातळी मोजून पाऊस पडतो का?"

माझ्या खात्यावरूनच आपलं सगळ्यांत जास्त वाजलं. दुष्काळी वर्ष होतं, धरणातून खालच्या जिल्ह्यांना पाणी सोडायचं की नाही यावर बैठक होती. मी घरी आलो तो संतापून. एकाच धरणाचं पाणी, आमचा आकडा वेगळा आणि खालच्या लोकांनी आणलेला वेगळा. मी स्वतः गेज वाचला होता. पट्टीवर पाणी कुठे टेकलं आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुला म्हणालो, "आकडा खरा आहे, आणि ते मानायलाच तयार नाहीत."

"तुमचा आकडा खरा असेल. पण त्यांना तो खरा वाटायला हवा ना?"

"त्यांना वाटण्याचा इथे काय संबंध?"

तू टाळीच वाजवलीस. "तोच! तोच तर माझा विषय!"

मी जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं, तरी मला हसू आलं. तू तेवढ्यात गरम पोळी वाढलीस. म्हणून तो वाद तिथेच थांबला, संपला नाही.

चाड तुझ्याकडे कसा आला ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुझा नियम होता, सगळ्यांना देऊन जो देश उरेल तो तुझा. चाड कुणीच घ्यायचं नाही. आफ्रिकेच्या मधोमध, समुद्र नाही, पेपरात नाव नाही. खैरनार वहिनी म्हणाल्या, "नावच बघा, चाड! याची कुणालाच चाड नाही." सगळ्या हसल्या. तुझं माहेर सटाण्याचं. एरवी तू आमच्यासारखंच बोलायचीस, पण काही मनाला लागलं किंवा फार आवडलं की तुझी अहिराणी वर यायची. 'आहे'चं 'शे' व्हायचं, 'मला'चं 'माले', 'कोणाला'चं 'कोनले'. तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, "बोला, चाड कोनले शे?" सगळ्या पुन्हा हसल्या. तेव्हा तू तो स्वतःकडे ठेवलास, तो कायमचाच. दरवर्षी तोच प्रश्न, दरवर्षी तेच हसणं.

त्या देशाच्या कडेला एक मोठं तळं आहे आणि ते आटत चाललं आहे, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी पहिल्यांदा कान दिला. पाण्याचं म्हटल्यावर मी ऐकणारच. चार देश त्या तळ्याच्या काठावर. तू विचारलंस, "तुमच्याकडे तळं आटलं की काय करता?" मी म्हणालो, गेजची पट्टी खाली सरकवून लावतो. तू म्हणालीस, "आणि पट्टी कुणी लावायची यावरच चौघांचं जमत नसेल तर?" मी म्हणालो, बघून सांगतो. ते बघायचं राहिलं.

मग मुक्ताचं आलं. बारावी सायन्स, गणितात माझ्यासारखी, आणि एके दिवशी जेवताना म्हणते, इंजिनीअरिंग नको, मला पुण्याला जाऊन राज्यशास्त्र घ्यायचं आहे, पुढे आईचाच विषय. मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तूच तिच्या डोक्यात भरवलं असशील. तू शपथेवर सांगितलंस की तू एक शब्द बोलली नाहीस. मला ते खरं वाटतं. तिला सांगायची गरज नव्हती. ती त्या नकाशाखाली बसून वाढली.

मी म्हणालो, मार्क येऊ देत, मग बघू. तू म्हणालीस, "तुमचं 'मग बघू' म्हणजे नाही." मी म्हणालो, तसं नाही. तू म्हणालीस, "मग हो म्हणा." मी उठून हात धुवायला गेलो.

तू आजारी पडलीस आणि ते बोलणं दवाखान्यात आलं. त्या दुपारी खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं आणि तुला ते हवं होतं. तू म्हणालीस, "मुक्ताचं काय करताय?" मी म्हणालो, "तू आधी बरी हो. घरी गेलो की बोलू." तू डोळे मिटून हसलीस. "म्हणजे मग बघूच." मग म्हणालीस, "चाडच्या तळ्याचं काही आलंय का पेपरात?" मी पेपर चाळला. काही आलं नव्हतं. तसं सांगितलं. तू म्हणालीस, "येत नाहीच. तरी बघत जा." मी औषध आणायला खाली गेलो. त्यानंतर आपण बोललो, पण पाणी दे, उशी सरकव, एवढंच.

तुला माझी भीती सांगायची राहिली. मुक्ताला नाही म्हणायचं नव्हतं, शैला. तू उन्हात चांदवडच्या एस.टी.तून उतरायचीस, पर्समधून रिकामी पाण्याची बाटली काढायचीस आणि तरी खूश असायचीस. तुझी खुशी मला कधी मोजता आली नाही. न मोजता येणारी गोष्ट लेकीच्या हातात कशी द्यायची, हे मला कळत नव्हतं. एवढंच होतं. पण हे असं सरळ वाक्य तेव्हा तोंडात आलं नाही.

आता रथसप्तमीचं.

ऊन कलल्यावर खैरनार वहिनी आल्या, मागून बाकीच्या. कुणी नवी साडी नेसलं नव्हतं, कुणाच्या हातात वाण नव्हतं. वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, सण करायला नाही आलो. पण वर्षभराच्या बातम्या साठल्यात, त्या सांगायच्या कुणाला?" मी सवयीने स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. आई म्हणाली, "कुठे चाललास? बस."

मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसलो. मुक्ताने चहा केला. आणि एकेकीने सांगितलं. कुणाच्या पेरूत भूकंप होऊन गेला होता, कुणाच्या जपानात राजघराण्यात मुलगा झाला होता आणि त्याचं बारसं आपल्याच घरातलं असावं तसं ती सांगत होती. आई म्हणाली, सेनेगलची माणसं होड्यांतून स्पेनला जायला निघतात, समुद्रात बुडतात, तिला ते बघवत नाही. खैरनार वहिनींच्या युगोस्लाव्हियाचा आणखी एक तुकडा पडला होता, माँटेनिग्रो. "आता एवढे तुकडे झालेत की नाव विचारलं तर मलाच आठवत नाहीत. दोन सुनेला दिलेत सांभाळायला." आधी सगळ्या हसल्या. मग वहिनींनीच पदर तोंडाला लावला.

त्या जरा सावरल्यावर आईने विचारलं, "शैलाचा कुणाकडे गेला?"

मुक्ता ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी घेते."

"तुझी परीक्षा आहे," आई म्हणाली.

"मी घेतो," मी म्हणालो.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खैरनार वहिनींनी डोळे पुसले आणि त्या अवस्थेतही त्यांना राहवलं नाही. "भाऊजी, पुरुषांना वाण देत नसतात."

आई म्हणाली, "मला तरी कुठे देत होते? शैलाने दिलं ना?"

मग वहिनी उठल्या. काय करावं त्यांना सुचेना. हळद नाही, तिळगूळ नाही. त्यांनी माझ्यापुढे नुसती रिकामी ओंजळ धरली आणि म्हणाल्या, "घ्या. आजपासून चाड तुमचा." मी दोन्ही हातांनी घेतला. माझ्या हातात काही आलं नाही, तरी हात लगेच खाली सोडता आले नाहीत.

बायका गेल्यावर मी नकाशासमोर उभा राहिलो. तळं शोधायला चष्मा लागला. तुझ्या त्या जुन्या नकाशात ते अजून मोठं, निळं आहे. मुक्ता मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, चौघांनी एक तळं मोजायचं तर कसं मोजतात?"

मी तिला सांगितलं. काठावर पक्की खूण कशी करायची, पट्टी कशी रोवायची, लाट असेल तर पातळी कशी वाचायची. ती लक्ष देऊन ऐकत होती. सांगून झालं आणि मला त्या बैठकीतले दोन आकडे आठवले, एकाच धरणाचे.

"मोजायला मी शिकवीन," मी म्हणालो. "पण एकाने मोजलेलं बाकीच्या तिघांनी मानायचं कसं, ते मला येत नाही. ते तुझ्या आईला येत होतं. ते शिकायला तू पुण्याला जा."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "मार्क आल्यावर बघू ना?"

अगदी तुझ्या आवाजात. मी म्हणालो, "नाही. मार्क कितीही येऊ देत." ती नकाशाला टेकून रडली. उत्तर अमेरिकेचं पिवळं तेल तिच्या बाहीला लागलं.

तर एवढं झालं. तू मागितलेला 'हो' मी दिला आहे, तुझ्यासमोर देता आला असता तर बरं झालं असतं. पेपर मी रोज बघतो. तळ्याचं अजून काही आलेलं नाही. येत नाहीच, तू म्हणाली होतीस. तरी बघत जाईन. पुढच्या संक्रांतीला वर्ष सरलेलं असेल, बायका वाण घेऊन येतील. मला बाहेर जा म्हणणारं कुणी नसेल, मी दारातल्या त्याच खुर्चीवर बसेन. कुणीतरी हसत हसत तुझा प्रश्न विचारेलच. तुझी भाषा मला कधी बोलता आली नाही, तू असताना प्रयत्नही केला नाही. दोन शब्द मात्र पाठ केले आहेत. मुक्ताने उच्चार तपासून दिला.

चाड कोनले शे?

माले शे.